परसबाग आणि आठवे व्रत

पुण्याहून सोलापूरकडे जाणारा महामार्ग उरुळी कांचन मागे टाकून यवतच्या दिशेने निघाला, की मध्ये दौंड तालुक्यातील कासुर्डी लागते. बहुतेक प्रवाशांच्या स्मरणात हे गाव पूर्वीच्या टोलनाक्यापुरतेच राहिले आहे. पण येथून जाताना गाडीतून दोन्ही बाजूंना नजर टाकली, तर एकाच गावाची दोन रूपे दिसतात. एका बाजूला खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेले उसाचे हिरवे फड, तर दुसऱ्या बाजूला भुलेश्वरच्या डोंगररांगेकडे चढत गेलेला मुरमाड माळ. हा प्रदेश पावसाच्या छायेतला. मुळशी-वेल्ह्यात कोसळणारा पाऊस येथवर येईतो विरळ होतो, आणि जूनमध्ये आलेले ढग पुष्कळदा नुसती सावली देऊन निघून जातात. येथील माणसाला पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाही.

याच रस्त्यावर, कासुर्डीच्या अलीकडे, सोरतापवाडी आणि उरुळी कांचनच्या परिसरात रोपवाटिकांची रांगच लागलेली आहे. रविवारी दर्शनाला किंवा सोयऱ्यांकडे निघालेली कितीतरी कुटुंबे तेथे थांबतात. गुलाब, शेवंती, परदेशी पानांची शोभेची झाडे, फळांनी लगडलेले बुटके कलम, असे सारे डोळ्यांना भुरळ घालते. भावही फार नसतो. गाडीच्या डिकीत आठ-दहा रोपे चढतात आणि घरी पोहोचल्यावर गच्चीवर किंवा परसदारी त्यांची हौसेने मांडणी होते. चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले, की त्यांपैकी निम्म्या कुंड्यांत कोरडी काटकी आणि भेगाळलेली माती शिल्लक राहते. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच रस्ता, तीच रोपवाटिका आणि तीच खरेदी.

बागेची हौस निर्मळ आहे, यात शंका नाही. दिवसभर दुकानाच्या गादीवर किंवा आडतीच्या गाळ्यात बसलेल्या माणसाला सायंकाळी चार हिरव्या पानांपाशी उभे राहिले, तरी विसावा मिळतो. मात्र जैन घरात या हौसेबरोबर एक प्रश्नही दारात येतो. ज्या घरात पाणी गाळून प्यायले जाते, दिवस मावळण्यापूर्वी जेवण उरकते आणि अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरली जात नाही, त्या घराने बाग कशी करावी? करावी, की करूच नये?

तीन कामे

हा प्रश्न आजचा नाही. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी आठवे व्रत अनर्थदंड विरमणाचे. दंड म्हणजे जीवाला दिलेली पीडा, आणि अनर्थ म्हणजे प्रयोजनावाचूनचा. संसार चालविताना काही हिंसा अटळपणे घडते. स्वयंपाक, घरबांधणी, शेती, व्यापार यांतून ती पूर्णपणे टळत नाही. गृहस्थाला ती मर्यादित करावयास सांगितली आहे. परंतु जी हिंसा केल्यावाचून कोणतेही काम अडत नाही, तिच्यापासून पूर्ण दूर राहावे, एवढाच या व्रताचा गाभा होय.

तत्त्वार्थसूत्रावरील ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत आचार्य पूज्यपादांनी या अनर्थदंडाचे प्रकार उलगडले आहेत. त्यांतील ‘प्रमादाचरित’ या प्रकाराखाली त्यांनी जी उदाहरणे दिली, ती बागकाम करणाऱ्याने थांबून वाचावीत अशी आहेत. कारण नसताना झाडे तोडणे, कारण नसताना जमीन कुदळणे, कारण नसताना पाणी शिंपणे. छाटणी, खणणी आणि शिंपण! बागेची सारी कामे या तीन शब्दांत मावतात. जणू कोणा माळ्याचा दिवसभराचा उद्योग पाहूनच आचार्यांनी ही यादी केली असावी.

यावर घाईने असा निष्कर्ष काढता येईल, की बाग म्हणजे दोषच. परंतु आचार्यांनी या प्रत्येक कृतीला ‘प्रयोजन नसताना’ ही अट जोडलेली आहे, आणि सारा विचार त्या अटीत आहे. जैन दर्शनाने पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती या पाचही कायांत जीव मानला. वनस्पती बाह्य उद्दीपनाला प्रतिसाद देतात, हे जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये उपकरणांच्या साहाय्याने दाखविले, तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांना नवल वाटले. जैन घरातील आजीला मात्र ते वाटले नसते. संध्याकाळी पाने तोडू नकोस, हे तिने नातवंडांना केव्हाच सांगून ठेवले होते. तेव्हा बाग ठेवावयाची असेल, तर ती या आठव्या व्रताची रोजची शाळा म्हणून ठेवता येते. कुदळ, कात्री आणि पाण्याचा पाइप हाती घेताना एकच प्रश्न विचारावयाचा : याचे प्रयोजन काय? हा प्रश्न जिथे विचारला जातो, त्या बागेत काम कमी होते आणि आनंद वाढतो.

कुदळीला विश्रांती

पहिले काम जमीन खणण्याचे. बहुतेक बागांत दर हंगामाला वाफे उकरून माती भुसभुशीत केली जाते. त्या एका घावात गांडुळे तुटतात, मुंग्यांची घरे मोडतात आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव उन्हात येऊन मरतात. यासाठी जैन स्वयंपाकघराकडे एक सोय आपसूकच आहे. बटाटा, गाजर, मुळा, कांदा, लसूण ही कंदमुळे लावावयाची नसतील, तर माती उकरून पीक काढण्याचा प्रसंगच येत नाही. दोडका, घेवडा, तोंडली, भोपळा, शेवगा, लिंबू, पपई, कढीपत्ता यांतील प्रत्येकाचे फळ, शेंग किंवा पान तोडून घेता येते आणि झाड जागेवर जिवंत राहते. रोप लावतेवेळी लागेल तेवढाच खड्डा घेतला, की पुढे अनेक महिने, शेवगा-लिंबासारख्या झाडांच्या बाबतीत तर अनेक वर्षे, त्या जागी कुदळ लावावी लागत नाही.

न खणता पिकते, याची साक्ष दूरच्या देशातूनही मिळते. जपानमधील शेतकरी मासानोबू फुकुओका यांनी आयुष्यभर नांगराविना, रासायनिक खताविना आणि कीटकनाशकाविना शेती केली. त्यांचे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक मराठीत ‘एका काडातून क्रांती’ या नावाने वाचकांना परिचित आहे. पेंढा शेतावरच पसरून जमीन झाकून ठेवावयाची आणि खालचे काम मुळांवर व मातीतील जीवांवर सोपवावयाचे, ही त्यांची रीत. झाकलेली जमीन कमी तापते, ओल धरते आणि तणालाही आवर घालते.

कासुर्डीच्या परिसरात असे आच्छादन शोधावे लागत नाही. एका हेक्टर उसातून सुमारे ८ ते १० टन पाचट निघते. गुऱ्हाळाच्या आवारात चिपाडाचे ढीग लागलेले असतात. चिपाड काहिलीखाली इंधन म्हणून उपयोगी पडते; पाचट मात्र तोडणीनंतर पुष्कळ ठिकाणी फडातच पेटवून दिले जाते. त्या आगीत काय काय जळते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत रानाला आग लावण्याचा स्वतंत्र उल्लेख आहे, हे येथे आठवावे. आता अनेक शेतकरी पाचटाची कुट्टी करून ते सरीतच कुजवू लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. ज्यांचे शेत नाही, केवळ परसबाग आहे, त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याकडून पाचटाच्या चार पेंढ्या मागून आणल्या, तर तेवढे तरी आगीपासून वाचते आणि बागेची वर्षभराची सोय होते.

मुंबईत वांद्रे येथे अर्थशास्त्राचे अभ्यासक डॉ. आर. टी. दोशी यांनी इमारतीच्या गच्चीवर भाज्या व फळे पिकवून दाखविली, तेव्हा त्यांचा मुख्य आधार उसाचे चोयटेच होते. पिंपे, पिशव्या आणि टोपल्या यांत त्यांनी उसाचा उरलेला चोथा व घरातील पालापाचोळा भरला आणि त्यावर थोडीशी माती घातली. ज्या वस्तूचा शोध मुंबईच्या गच्चीवरील माणसाला रसवंतीच्या दारी जाऊन घ्यावा लागला, ती दौंड तालुक्यात दारातच पडलेली असते.

घरच्या ओल्या कचऱ्याचा प्रश्न जैन घरात थोडा नाजूक आहे. बंद डब्यात साचवून ठेवलेल्या ओल्या सालींत दोन दिवसांत अळ्या होतात. मग त्या डब्याचे करावे काय, हा पेच पडतो. यावर साधा उपाय असा, की सालपटे साचू न देता रोजच्या रोज उन्हात पातळ पसरून कडक वाळवावीत आणि मग कोरड्या पाल्यात मिसळून झाडांच्या बुंध्याभोवती अंथरावीत. ढीग नाही, म्हणून तो फावड्याने वर-खाली करण्याचेही कारण उरत नाही.

पाण्याचा जमाखर्च

दुसरे काम पाणी घालण्याचे. पिण्याचे पाणी गाळून घेणारे हात बागेत गेल्यावर पाइप मोकळा सोडून देतात, ही विसंगती पुष्कळ घरांत दिसते. अप्कायाचा विचार फक्त स्वयंपाकघरापुरता असू शकत नाही.

कासुर्डीच्या भागात पाण्याचा इतिहासच बोलका आहे. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. पुढे कालव्याच्या पाण्याने पूर्वेकडील कोरडवाहू शिवाराचे रूप पालटले, ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. परंतु कालव्याखालील जमिनींना भरमसाट पाणी देण्याची सवय लागली, तेथे काही शिवारे क्षारपड झाल्याचेही शेतकऱ्यांनी पाहिले. पाण्याचा अतिरेक जमिनीला दरिद्री करतो, हा धडा मोठ्या शिवाराइतकाच कुंडीलाही लागू आहे. कुंडीच्या कडेला जमणारा पांढरा थर म्हणजे त्याच धड्याची छोटी आवृत्ती. बागेतील रोपे सुकून मरतात असा समज आहे. प्रत्यक्षात घरच्या कुंड्यांतील कितीतरी रोपे मुळांशी पाणी साचून कुजल्यामुळे दगावतात.

येथे समाजातील एका मोठ्या उद्योजकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. वाकोदसारख्या खेड्यातून आलेल्या जळगावच्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या विक्रीपासून व्यवसायाला आरंभ केला आणि पुढे ठिबक सिंचन सामान्य शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेले. जळगावजवळची उजाड टेकडी त्यांनी हिरवी करून दाखविली; आज ती ‘जैन हिल्स’ म्हणून ओळखली जाते. ठिबकचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते : पाणी जमिनीला द्यावयाचे नाही, मुळाला द्यावयाचे. परसबागेत हे तत्त्व पाळण्यासाठी यंत्रणाही लागत नाही. तळाशी बारीक छिद्र पाडून त्यात सुताची वात घातलेले मातीचे मडके रोपाशेजारी ठेवले आणि सकाळी भरले, तरी ते दिवसभर थेंब-थेंब पाझरत राहते. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी गाळून त्यात घातले, तर नळाचे पाणी तेवढे वाचते. पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत पेरभर घालून पाहावे. ओल लागली, तर त्या दिवशी पाण्याचे प्रयोजन नाही. माती पाचटाने झाकलेली असेल, तर असे ‘प्रयोजन नसलेले’ दिवस हिवाळ्यात एकामागून एक येतात.

आणि रोपवाटिकेच्या दारातील मोहाचे काय? तेथे परिग्रह परिमाणाचे व्रत उपयोगी पडते. सोने-नाणे, घर-जमीन यांची मर्यादा बांधणाऱ्याला कुंड्यांचीही मर्यादा बांधता येईल. घरात जेवढ्या झाडांकडे रोज मनापासून पाहणे होईल, तेवढीच झाडे असावीत. एकवीस कुंड्यांची मर्यादा ठरविली आणि बाविसावी आणावयाची झाल्यास आधी एक कोणाला तरी भेट द्यावयाची, असा नेम केला, तर बागेबरोबर स्नेहही वाढतो.

कात्री आणि घट

तिसरे काम तोडण्याचे. त्यातच किडीचा प्रश्न येतो, आणि येथे कसोटी लागते.

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर एखाद्या सकाळी पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसतो. निरखून पाहिले, की ती अळी असल्याचे कळते. ते रूप तिला शत्रूच्या नजरेतून वाचविते. मोठी झाल्यावर ती पानासारखीच हिरवी होते. तिला धक्का लागला, तर डोक्यामागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंग बाहेर काढून ती उग्र वास सोडते. घरातील कोणीतरी म्हणते, झाड खाऊन टाकील, औषध मारा. मारले नाही, तर काही दिवसांत ती काडीला धाग्याने स्वतःला बांधून कोषात जाते आणि पुढे एका सकाळी त्या कोषातून काळ्या-पिवळ्या नक्षीचे लिंबाचे फुलपाखरू बाहेर पडते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ज्या ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याच्या अळीचेही पोषण लिंबाच्या कुळातील झाडांवरच होते. खाल्लेली पाने लिंबाला पुन्हा फुटतात. नव्वद पानांपैकी तीस गेली, म्हणून सुदृढ झाड सहसा मरत नाही.

धान्याच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. गोदामात आलेल्या मालात काही घट ही धरलेलीच असते. ओलावा उडतो, पोते फाटते, काही दाणे सांडतात. ती घट हिशेबात गृहीत धरूनच भाव ठरतो आणि कोणीही त्यासाठी गोदामाला आग लावीत नाही. परसबागेच्या हिशेबातही अशी घट आरंभीच लिहून ठेवावी. दहा शेंगांतील दोन किडीच्या, एक पाखराची आणि सात घरच्या. बाजारात विकावयाचे नाही, मग शेंग निर्दोष दिसलीच पाहिजे हा आग्रह कशासाठी? फवारणीला येथे प्रयोजनच उरत नाही. जास्वंदीवर मावा पडला, की थोड्याच दिवसांत ठिपक्यांचे लाल भुंगेरे तेथे येतात, आणि निसर्ग आपला तोल आपणच सावरतो. औषध मारले, तर मावा पुन्हा लवकर येतो. भुंगेरे मात्र येत नाहीत.

चातुर्मासात तर हा विचार आपोआप घडतो. पावसाने पालेभाज्या जोमाने वाढू लागतात, नेमक्या त्याच महिन्यांत सूक्ष्म जीवांच्या विराधनेमुळे अनेक घरांत पालेभाजी बंद असते. बाग भरभरून देते आणि घर हात जोडून नको म्हणते. तेव्हा तो वाफा ज्यांचा आहे त्यांच्याकडे सोपवावा. फुलोऱ्यावर आलेल्या मेथी-कोथिंबिरीवर मधमाश्या आणि इवल्या माश्या घोंगावतात. बी पिकले, की मुनियांचा थवा उतरतो. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, तोवर त्याच बियांतून नवी रोपे उगवून आलेली असतात.

दाणे आणि झाड

जीवदया हा जैन व्यापाऱ्याच्या रक्तातील संस्कार आहे. दुकान उघडण्यापूर्वी पाखरांना मूठभर ज्वारी टाकणारे हात गावोगाव आहेत. मुंबईतील कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये उठलेला वाद वाचकांच्या स्मरणात ताजा असेल. त्याचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण त्यातून घरापुरता एक विचार जरूर घ्यावा. दाण्यांच्या ढिगावर मुख्यतः कबुतरेच येतात. बुलबुल, शिंपी, शिंजीर, दयाळ, सातभाई यांना त्या ढिगाचा फारसा उपयोग नसतो. त्यांना झाड हवे, झुडूप हवे, विषारी फवारा न मारलेले पान हवे. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण तिची पिले आरंभी अळ्या-किड्यांवरच वाढतात. म्हणून दाणे असूनही ज्या वस्तीत फवारणीने कीटक नाहीसे झाले, तेथे चिमणीचे घर भरत नाही.

कण्हेर, जास्वंद, डाळिंब किंवा लिंबाचे एखादे दाट झुडूप परसदारी असले, की शिंपी पक्षी पानाच्या कडांना छिद्रे पाडून कोळ्याच्या जाळ्याने आणि कापसाच्या तंतूंनी त्या शिवतो आणि त्या द्रोणात घरटे करतो. जांभळ्या शिंजिराची मादी ओसरीच्या वासऱ्यालाही आपला लोंबता खोपा बांधते. अशा वेळी छाटणीची कात्री महिनाभर खुंटीवर राहू द्यावी. सावलीत पसरट परळात पाणी ठेवावे आणि ते रोज बदलावे, म्हणजे त्यात डासांच्या अळ्या होऊन नवा पेच उभा राहत नाही.

कुंपणाबाहेरची बाग

परसबागेचे कुंपण जिथे संपते, तिथे निसर्ग संपत नाही. कासुर्डीच्या दक्षिणेचा माळ उन्हाळ्यात उजाड दिसतो, म्हणून त्याला ‘पडीक’ म्हणण्याची रीत पडली आहे. तो पडीक नसून अनेकांचे भरलेले घर आहे. चौफुल्यावरून बारामतीकडे जाताना सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य लागते. १९९७ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य अवघ्या ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे. पण तेथील गवताळ माळावर चिंकारा हरणे आजही पाहावयास मिळतात. असाच गवताळ माळ एके काळी या साऱ्या पट्ट्यात पसरलेला होता.

त्या माळावर राहणारा सर्वांच्या ओळखीचा पक्षी म्हणजे टिटवी. ती घरटे बांधतच नाही. उघड्या मुरमावर चार अंडी घालते. खड्यांच्या रंगाची ती अंडी पायाखाली येईतो दिसत नाहीत. नर-मादी आळीपाळीने जवळजवळ चार आठवडे ती उबवितात. उन्हाळ्याच्या काहिलीत पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतात आणि अंड्यांना गारवा देतात. रात्री तिचा आवाज आला, की लोक अपशकुन मानतात. खरे तर कोणीतरी अंड्यांजवळ आल्याची ती आर्त सूचना असते.

महामार्गालगतच्या गावांत आज व्यापारी कुटुंबांनी गुंतवणूक म्हणून घेतलेले कितीतरी प्लॉट मोकळे पडून आहेत. बांधकाम पुढच्या पाच-दहा वर्षांत नाही. तरीही दर उन्हाळ्यात जेसीबी लावून ते ‘साफ’ केले जातात. गवत खरवडले जाते, बोरी-तरवडाची झुडपे उपटली जातात, कडेचा पालापाचोळा पेटविला जातो. तोच टिटवीच्या अंड्यांचा काळ असतो. या साफसफाईने मालकाचा एक रुपयाचाही लाभ होत नाही. उलट जेसीबीचे भाडे खर्ची पडते. प्रयोजनावाचून जमीन कुदळणे, प्रयोजनावाचून झाडे तोडणे! आचार्यांनी दिलेले उदाहरण याहून स्पष्ट स्वरूपात आज कुठे सापडणार? ज्याच्या हाती असा प्लॉट आहे, त्याने तो बांधकामाच्या दिवसापर्यंत आहे तसा राहू दिला, हद्दीच्या खुणांपुरतीच वाट मोकळी केली, तर एकही रोप न लावता, एक थेंब पाणी न घालता त्याची सर्वांत मोठी बाग तयार होते. गुंठा-दोन गुंठ्यांच्या अशा तुकड्यावर गवत, तरवड, रुई, बोर आपोआप वाढतात. रुईवर बिबळ्या कडवा फुलपाखराची अळी पोसते, बोरीवर पाखरे येतात. दानाचा हा असा प्रकार आहे, की त्यात खिशातून काहीच द्यावे लागत नाही.

एक वही बागेची

दिवाळीत, भगवान महावीरांच्या निर्वाण कल्याणकाच्या पर्वात, व्यापारी घरांत वहीपूजन होते. त्या नव्या वह्यांबरोबर एक छोटी वही बागेसाठीही घालावी. रोजमेळासारखी ती रोज भरावयाची : आज काय फुलले, कोण आले, किती पाणी घातले, काय तोडले. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या रूपाने सामान्य शेतकऱ्यांना आपापल्या नोंदी ठेवण्याची आणि त्या एकमेकांना सांगण्याची सवय लावली, आणि तिच्या बळावर दुष्काळी भागांतही द्राक्षाच्या बागा उभ्या राहिल्या. नोंद ठेवणारा माणूस अधिक नीट पाहतो. फाल्गुनात पळस कधी पेटला, चैत्रात कडुनिंबाचा मोहोर कधी दरवळला, थंडीत भोरड्यांचे थवे ज्वारीवर कधी उतरले आणि पहिल्या पावसाआधी चातक कोणत्या दिवशी ऐकू आला, हे वहीत वर्षानुवर्षे साठत गेले, की पुढच्या पिढीसाठी ती खतावणी अनमोल ठरते. दुकानाच्या वह्या कालांतराने रद्दीत जातात. ही वही मात्र नातवंडे जपून ठेवतील.

आठव्या व्रतानंतर नववे व्रत येते सामायिकाचे. दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, गृहस्थ साधूसारखा होतो. त्या काळात तो हिरव्या पानाला स्पर्श करीत नाही, पाणी सांडत नाही, काही घेत नाही आणि काही तोडत नाही. सामायिकाचा काळ आत्म्यासाठी आहे, तो बाग पाहण्यासाठी नव्हे. पण त्याची शिस्त दिवसातील आणखी काही वेळ बागेला उसनी देता येईल. ओसरीच्या कडेला बसावे. हातात कात्री नको, पाइप नको, मोबाइलही नको. हात रिकामे झाले, की डोळे काम करू लागतात. शिंपी पानाआड कुठे शिरला, मुंग्यांची रांग कोणत्या फांदीवरून चालली, जास्वंदीची कळी किती उकलली, हे तेव्हाच दिसते.

भगवान महावीरांना केवलज्ञान झाले, ते ऋजुवालुका नदीच्या तीरी, शालवृक्षाखाली. आगमांत ती जागा एका गृहस्थाच्या शेतातील म्हणून वर्णिली आहे. तो वृक्ष त्या गृहस्थाने कोणत्या हेतूने राखला, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. कदाचित तो तोडण्याचे त्याला काही प्रयोजन दिसले नसेल, एवढेच. शेतात, परसदारी किंवा रस्त्याकडेच्या रिकाम्या प्लॉटवर उभे असलेले झाड राहू देणे, हेही गृहस्थाच्या हातून घडणारे पुण्यच आहे.